आबा सायकलशी बोलायचे

माझ्या सासऱ्यांनी मला सायकल शिकवली, पण शिकवताना ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. जे काय बोलले ते सायकलशी.

भांडण वगैरे काही नव्हतं. आमच्याकडे पद्धतच तशी होती. सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, समोर बसायचं नाही आणि थेट बोलायचं तर नाहीच. सासऱ्यानंही सुनेला थेट काही म्हणायचं नाही. जे असेल ते सासूला सांगायचं आणि सासूनं ते इकडून तिकडे पोचवायचं. आमच्या घरात हे काम अक्का करत. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई; सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. आता माझी सून माझ्यासमोर टीव्हीचा रिमोट हिसकावून घेते, तेव्हा तिला हे सांगितलं तर खोटं वाटतं. तिचंही बरोबर आहे. मलाही कधी कधी खोटं वाटतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी जळगावची. डी.एड. झाले, लग्न झालं, धुळ्याला देवपुरात नांदायला आले आणि महिन्याभरात नवऱ्याची बदली झाली. कुठे, तर जळगावला! शनिवारी रात्री एसटीनं यायचे, सोमवारी पहाटे जायचे. घरात उरलो आम्ही तिघं. जूनमध्ये मला शाळेची ऑर्डर आली. देवपूरपासून नऊ किलोमीटरवरचं खेडं, दोन शिक्षकी शाळा. नेमणूक तात्पुरती, एका वर्षाची. वर्षअखेरीला हेडसरांनी अहवाल पाठवायचा आणि तो चांगला गेला तरच नोकरी पुढे चालू राहायची. ती नोकरी मला हवी होती. घराला हवी होती हे खरं, पण घराच्या आधी मला हवी होती. हे तेव्हा तोंडानं बोलायची सोय नव्हती, म्हणून आता सांगते.

दिवसभराची शाळा होती तोवर एसटीनं भागलं. दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा हेडसर म्हणाले, "बाई, मार्चपासून सकाळची शाळा. सातला प्रार्थना. तुमची एसटी येते साडेआठला. काय करणार ते आत्ताच ठरवा." मी घरी येऊन अक्कांना सांगितलं. अक्कांनी चार पावलं चालत जाऊन ओसरीवरच्या आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सांगितलं, जे त्यांना आधीच ऐकू गेलं होतं. आबांनी अडकित्त्यात सुपारी धरली, कातरली, तोंडात टाकली आणि समोरच्या भिंतीला म्हणाले, "सायकल."

आबा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याच्या कडेनं सायकल मारत जायचं आणि ज्याची पाळी असेल त्याच्या शेताला पाणी सोडायचं, असं काम तीस वर्षं केलेलं. कालव्याची कड म्हणजे दोन्ही बाजूंनी बाभळी. त्यामुळे काटा, टायर आणि ट्यूब या विषयात त्यांचा शब्द शेवटचा असायचा. गल्लीतली माणसं ताप आला तर डॉक्टरकडे जात आणि चेन उतरली तर आबांकडे येत. निवृत्त झाल्यावर डावा गुडघा दुखायला लागला आणि सायकल चालवणं जवळपास बंद झालं, पण त्यांची ती उंच काळी सायकल रोज सकाळी पुसून भिंतीला टेकवलेली असायची. दांडी असलेल्या त्या सायकलवर साडीत बसणं शक्यच नव्हतं. म्हणून आठवड्याभरात माझ्यासाठी एक जुनी लेडीज सायकल घरात आली.

आली ती नुसता सांगाडा होती. मग आबांनी तिला सजवायला घेतलं. चेनवर पूर्ण बंद पेटी बसवली, कारण अर्ध्या पेटीत साडीचा काठ जातोच. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी लावली, तीही साडीसाठी. एका पायाचं स्टँड काढून दोन पायांचं लावलं, कारण शाळेच्या पिशव्या कॅरियरला असल्या की एका पायावर सायकल भुसभुशीत मातीत आडवी होते. डायनामो मात्र लावू दिला नाही. मला तो फार हवा होता, ऐटीसाठी. आबा सायकलला म्हणाले, "तुले दिवसा जानं, दिवसा येनं. दिवा कोनले दाखाडशी?" हे असं चालायचं. अक्का मध्ये असल्या तर त्यांच्यामार्फत, नसल्या तर सायकलमार्फत. सायकल बाईमाणूस होती, त्यामुळे बाईला हाक मारायचं 'वं' तिला म्हणायला हरकत नव्हती.

शिकवणी भल्या सकाळी, नदीकडच्या मोकळ्या मैदानात. मी सीटवर, पदर कमरेला खोचलेला. आबांनी मला हात लावायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे कॅरियर धरून मागे पळायचं काम अक्कांकडे आलं. पंचावन्न वर्षांच्या, नऊवारीतल्या, आयुष्यात कधी बसही पळत न पकडलेल्या अक्का! आबा लिंबाखाली हाताची घडी घालून उभे राहत आणि तिथून सायकलला ओरडत.

"चाककडे नको दखू वं, वाटकडे दख!"

सायकलनं स्वतःच्या चाकाकडे बघू नये, हा उपदेश ऐकून मला हसू यायचं आणि हसले की तोल जायचा. मी पडले की अक्काही पडायच्या, कारण त्यांना कॅरियर सोडायचं सुचायचं नाही. आबा तोंड फिरवून नदीकडे बघत. सून पडलेली सासऱ्यानं बघायची नसते. आम्ही दोघी उठून, धूळ झटकून, पदर सावरून पुन्हा उभ्या राहिलो की ते परत वळायचे आणि म्हणायचे, "दोन्ही ब्रेक संगे दाब. आन उतरताना डावा पाय पहिले."

पंधरा दिवसांत मी मैदानाला फेऱ्या मारू लागले. आबांचं ऐकून एक गोष्ट तेव्हाच अंगात भिनली आणि आजही कुणी विचारलं तर तीच सांगते. रस्त्यात खड्डा दिसला तर खड्ड्याकडे बघू नका, त्याच्या शेजारच्या चांगल्या रस्त्याकडे बघा. नजर जिकडे जाते तिकडे हँडल जातं. खड्ड्याकडे टक लावून बघणारा माणूस खड्ड्यातच जातो, मग रस्ता कितीही रुंद का असेना.

रविवारी अंगणात सायकल उलटी करून आबा तिची देखभाल करत. मी दारात बसून ताटात गहू निवडायचे. गहू आधीच निवडलेले असायचे, पण सुनेला दारात बसायला काही तरी कारण लागतं. आबा पाना हातात घेऊन सायकलशी सावकाश बोलत, म्हणजे मला ऐकू जाईल एवढ्या सावकाश. चाक हातानं फिरवायचं आणि कान लावायचा. बेअरिंगचे छर्रे कोरडे पडले असतील तर खरखर येते. ब्रेकचं रबर घोटून गुळगुळीत झालं असेल तर पाऊस यायची वाट न बघता बदलायचं. सीट एवढी उंच हवी की टाच पायडलवर ठेवली तर पाय सरळ व्हावा. बुटकी सीट गुडघे खाते. उन्हाळ्यात सकाळी हवा कडक भरून सायकल उन्हात लावली, तर दुपारी ट्यूब फुटलीच समजा. म्हणून एप्रिल-मेमध्ये हवा थोडी कमी भरायची आणि शाळेत सावली मिळाली नाही तर चाकांवर ओलं पोतं टाकायचं. हे शेवटचं धुळे-जळगावच्या बाहेर कुणाला पटत नाही. पुण्याच्या भाच्याला सांगितलं तर तो हसला. हसू दे बापडा, त्यानं आमचा मे महिना कुठे पाहिलाय!

एकदा मी न विचारता शहाणपणा केला. चेन वाजत होती म्हणून स्वयंपाकघरातलं शेंगदाण्याचं तेल घातलं. दोन दिवसांत त्यावर धूळ बसून चेनचा चिकट काळा गोळा झाला. आबा तिच्याजवळ उकिडवे बसले, बोटानं ते काळं बघितलं, नाकाशी नेलं आणि सायकलला म्हणाले, "काय वं, भजं तळी ऱ्हायनी का?" मी आत पळाले. रॉकेलनं धुऊन, पुसून, मशीनच्या तेलाचे मोजके थेंब टाकून चेन परत गप्प झाली. जास्त तेलही नको. आमच्या भागात तेलापेक्षा धुळीचा पुरवठा मोठा आहे.

आणि रोज, शाळेला निघायच्या आधी, ठरलेलं एक काम होतं. मी पंप मारून हवा भरलेली असायची. आबा ओसरीवरून विचारायचे, "हवा दखी का वं?" सायकल काही उत्तर देत नसे. मला द्यायची मुभा नव्हती. मग आबा पायऱ्या उतरून यायचे, आधी पुढच्या, मग मागच्या टायरवर अंगठा दाबायचे, आणि पटलं की बाजूला व्हायचे. मला त्याचा राग यायचा. मी तशी तापट. बाई दोन इयत्तांना एकदम शिकवते, तिला एक टायर भरता येत नाही का? पण गिळायचे.

आता सोपटाकडे येते, कारण सगळं रामायण त्या सोपटानं घडवलं.

आबांचं मूळ गाव चोपड्याकडचं, केळीच्या पट्ट्यातलं. त्यांच्या मते केळीचं काहीही वाया जात नाही. पान जेवायला, घड बाजाराला, आणि खोडावरची जी साल सुटते, ज्याला सोपट म्हणतात, ते वाळवलं की दोरी वळायला. जानेवारीत ते गावी जाऊन आले ते वाळलेल्या सोपटांची एक गुंडाळी घेऊन. माझ्या वाटेवर डांबरी रस्ता सहा किलोमीटर आणि पुढे तीन किलोमीटर गाडीवाट होती. गाडीवाटेवर बाभळीचे काटे अंथरल्यासारखे पडलेले. काट्याला अडवायला टायर आणि ट्यूबच्या मध्ये काही तरी घालायची रीत जुनीच आहे. लोक जुन्या टायरची पट्टी कापून घालतात. आबांनी सोपटाच्या पट्ट्या कापल्या, एकावर एक रचल्या, दोन्ही चाकांत घातल्या आणि सायकलला थोपटून म्हणाले, "आते काय बिशाद शे काटानी!"

सगळी गल्ली बघायला आली. खरं सांगायचं तर थंडीभर ते सोपट छान चाललं. मार्चआधीचा सराव म्हणून मी शनिवारी सायकलनं जायचे. एकदाही पंक्चर नाही. आबा मिशीत हसायचे.

मार्च लागला, ऊन चढलं, आणि मी रोज सायकलनं जाऊ लागले. तिसऱ्या आठवड्यात गाडीवाटेवर मागचं चाक बसलं. तीन किलोमीटर ढकलत नेलं. पोचले तेव्हा मुलं पाढे म्हणत होती. हेडसर वाईट माणूस नव्हते, पण घड्याळाचे पक्के. मस्टरवर माझ्या नावापुढे त्यांनी तांबडी रेघ ओढली आणि म्हणाले, "बाई, तीन तांबड्या झाल्या की अहवालात वेळेचा शेरा द्यावा लागतो. आणि तो शेरा गेला की पुढची ऑर्डर येत नाही. मी आधीच सांगून ठेवतो."

पंक्चर खेड्यातल्याच एका पोरानं जमेल तसं चिकटवून दिलं. आठ दिवसांनी दुसरी रेघ.

त्या दिवशी परतताना मी देवपुरातल्या कोपऱ्यावरच्या चाचांच्या दुकानात गेले. चाचा म्हणजे पिढीजात सायकल मिस्त्री, आबांचे जुने मित्र. त्यांनी टायर उघडलं, ट्यूब बाहेर ओढली आणि तिच्याबरोबर मूठभर तपकिरी भुगा खाली सांडला. सोपट उन्हानं वाळून कडक झालेलं, मोडलेलं, त्याचे कंगोरे झालेले. कंगोरे आणि भुगा मिळून ट्यूबला आतून घासत होते. चाचांनी ट्यूब पाण्यात बुडवून दाखवली. काटा एकही नव्हता. भोकं मात्र तीन.

"टायर में केला किसने भरा, मॅडम?" चाचांनी विचारलं.

"आबांनी."

चाचांचा चेहरा बदलला. त्यांनी तो भुगा गुपचूप झाडला, उरलेलं सोपट होतं तसं परत आत घातलं आणि टायर बंद केलं. मी म्हटलं, "अहो, काढून टाका ना!" तर हात जोडून म्हणाले, "आबांनी भरलेली चीज मी काढू? ना बाबा. आधी आबांना सांगा, मग काढतो."

आबांना सांगा! नेमकं तेच तर करता येत नव्हतं. स्वतः टायर उघडायला मला तेव्हा येत नव्हतं, आणि चोरून दुसऱ्या कुणाकडून काढून घेतलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठा दाबताच आबांना कळलं असतं. सांगावं तर जीभ धरलेली, न सांगावं तर नोकरी जाते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घरी येऊन अक्कांना सगळं नीट समजावलं. वहीच्या पानात बांधून आणलेला भुगाही दाखवला. अक्कांनी मान डोलावली. "सांगस मी त्यासले," म्हणाल्या.

ओसरीवरचा संवाद मला आतून ऐकू आला. अक्का म्हणाल्या, "सुनबाई म्हनस, सोपट बेस शे. पन थोडं कमी पडनं."

मी कपाळाला हात लावला. अक्का आत आल्या तेव्हा विचारलं, "अक्का, हे काय सांगितलंत?" तर म्हणाल्या, "तू पुस्तकी मराठी बोलस, तुले नही समजाव. मानूस निवृत्त व्हयना, गुडघा गया. आते त्यासनं एक सोपट उरनं, ते बी वाईट म्हनू का मी?" मला वाईट वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. त्या संध्याकाळी आबांनी अंधारात, आत न बघताच, दोन्ही टायरांची कड उचलून आणखी एक थर सारला.

चार दिवसांनी, एप्रिलच्या एका सकाळी, पावणेसहाला मी अंगणात आले तर पुढचं चाक जमिनीला टेकलेलं. पंप मारला, हवा फुस्स. पुन्हा मारला, पुन्हा फुस्स. आबा ओसरीवरून म्हणाले, "हवा दखी का वं?" आणि नेहमीसारखे खाली आले, अंगठा दाबला, तो रिमपर्यंत गेला. "काय वं," ते सायकलला म्हणाले, "रोजना रोज काय हाई?"

मला वाटतं, ते 'रोजना रोज' ऐकूनच माझा बांध फुटला. डोक्यावरचा पदर नीट ओढला, आबांकडे पाठ केली, सायकलचं हँडल धरलं आणि मीही सायकलशीच बोलले. "सांग ना गं! तोंड नाही का तुला? पोटात काय आहे ते सांग. काट्यानं नाही, सोपटानं पंक्चर होतंय. सोपट वाळून त्याचा भुगा झालाय, तो ट्यूब खातोय. चाचांनी बघितलं, मी बघितलं, तुला तर आधीपासून ठाऊक आहे. आज तिसरी तांबडी रेघ पडेल. तुझं काय जातंय? जाईल ती माझी नोकरी. आणि मला ती हवी आहे!"

शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं, निघून गेलं. आत अक्कांच्या हातून तांब्या पडला. शेजारच्या दारात कुणी तरी झाडू मारता मारता थांबलं.

आबा उकिडवे बसले, पान्याच्या टोकानं टायर उचकटलं आणि आत बोटं घातली. बाहेर आली ती भुग्यानं भरलेली मूठ. त्यांनी ती उघडून बघितली. म्हणाले, "तुले तोंड शे, तं इतला दिन काबर नही सांगं?" विचारलं सायकललाच, पण आवाज वेगळा होता. मूठ झाडली, हात धोतराला पुसले.

सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. ट्यूब बाहेर काढा, भोकं शोधा, घासा, सोल्युशन लावा, वाळू द्या, यात सातच वाजले असते. आबांनी एकदा आभाळाकडे बघितलं. मग भिंतीकडे गेले, आपली उंच काळी सायकल काढली आणि तिला म्हणाले, "चाल वं, आज डबलसीट शे."

"अहो, गुडघा!" अक्का दारातून म्हणाल्या. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

सासऱ्याच्या कॅरियरवर बसून सून देवपुरातून जाते आहे, हे दृश्य त्या सकाळी ज्यांनी बघितलं त्यांनी बरीच वर्षं चघळलं. मी एका बाजूला पाय सोडून, पिशवी मांडीवर घेऊन, पदर दातात धरून बसले होते. चाचा दुकानाची फळी काढत होते, ते फळी हातात घेऊन तसेच उभे राहिले. आबा कुणाकडे बघत नव्हते. वाटकडे दख, असं स्वतःलाच सांगत असतील. त्यांच्या दमाचा आवाज मला पाठीतून ऐकू येत होता आणि प्रत्येक फेऱ्याला डावा गुडघा कट् म्हणायचा. नोकरी गेली तरी चालेल, यांना काही होऊ नये, असं माझ्या मनात आलं. लगेच दुसरं मन म्हणालं, छे, नोकरीही जाऊ नये.

डांबरी संपली, गाडीवाट लागली. काट्यांवरून चाकं करकरत जात होती आणि मी प्रत्येक काट्याला पंक्चरची वाट बघत होते. झालं नाही. पुढे नाला आला. नाल्यातून वर निघणारी वाट उभी, त्यावर वाळू. आबांनी जोर लावला, सायकल डुलली, थांबायला आली.

"उतर माय," आबा म्हणाले. "चढ शे."

मी डावा पाय आधी टाकून उतरले. दोन पावलं चालले आणि मग कळलं, की हे सायकलला म्हटलेलं नव्हतं. सायकल कशी उतरेल? मी कॅरियर धरलं आणि मागून ढकलत पळायला लागले, मैदानात अक्का पळायच्या तशी. आबा उतरले नाहीत. मी ढकलत होते, ते मारत होते, आणि आम्ही तसेच वर निघालो. वर आल्यावर ते थांबले, मागे न बघता म्हणाले, "बस." मी बसले.

शाळेच्या दारात घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर मुलं ठोके देत होती. पहिला ठोका पडला तेव्हा आम्ही पिंपळापाशी होतो, शेवटचा पडला तेव्हा मी ओळीसमोर उभी होते, पदर कुठल्या कुठे, घामानं निथळत. हेडसरांनी घड्याळ बघितलं, आबांकडे बघितलं, शर्टाच्या खिशातल्या दोन पेनांपैकी निळं काढलं आणि माझ्यापुढे मस्टर सरकवलं. मग स्वतः उठून आबांना पाणी दिलं.

अकराला शाळा सुटेपर्यंत आबा पिंपळाखाली बसून होते. गुडघा सुजून टम्म झाला होता, सायकल मारत परत जाणं शक्य नव्हतं. साडेअकराच्या एसटीच्या टपावर कंडक्टरनं सायकल चढवली. आबा पुढच्या बाकावर बसले. मी रीतीप्रमाणे मागे चालले होते, तर त्यांनी शेजारच्या जागेवर हात आपटला. मी बसले, बरंच अंतर ठेवून. एसटी सुरू झाली. मला एक गोष्ट विचारायची होती आणि कुणामार्फत विचारावी ते कळत नव्हतं. आबांनी ती न विचारताच सांगितली, खिडकीबाहेर बघत.

"मनी सायकलमा टायरनी पट्टी शे. पन ती जड व्हस. सायकल वढाले जीव जास. तुले रोज इतलं लांब जानं. म्हनं, सोपट हलकं पडी."

म्हणजे स्वतःला जड आणि खात्रीचं, आणि मला हलकं मिळावं म्हणून त्यांनी ते सोपट स्वतःच्या डोक्यानं शोधून काढलं होतं. मी इतके दिवस मनातल्या मनात त्यांच्या सोपटाला आणि त्यांनाही काय काय म्हटलं होतं! मी पदरानं डोळे पुसले. उन्हाचं निमित्त होतंच.

चाचांनी त्याच दिवशी दोन्ही टायर उघडून सगळं सोपट काढलं आणि जुन्या टायरची पट्टी घातली. सायकल जड झाली, हे खरं. पंधरा दिवस पोटऱ्या दुखल्या. पण ती पट्टी पुढे सात वर्षं टिकली. टायर उघडायला आणि पंक्चर काढायला मी त्याच सुट्टीत चाचांकडे शिकले. अहवाल निळ्या शाईत गेला, जूनमध्ये ऑर्डर आली आणि त्याच नोकरीतून मी चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले.

पण मला आठवते ती त्या डबलसीटच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी पंप मारून हवा भरली. पुढचं चाक, मग मागचं. स्वतःच अंगठा दाबून बघितला. पिशवी कॅरियरला लावली. आबा ओसरीवर सुजलेला पाय उशीवर ठेवून बसले होते. त्यांनी सायकलकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"हवा दखी का?"

मी डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाले, "बघितली, आबा."

त्यांनी मान डोलावली आणि सुपारी कातरायला घेतली. पायामुळे उठता येत नसेल, असं मला तेव्हा वाटलं. पण पाय महिन्याभरात बरा झाला, ते पायऱ्या चढू-उतरू लागले, माझ्या टायरवर मात्र त्यांनी पुन्हा कधी अंगठा दाबला नाही.